भाऊ म्हणतात, राज्यघटना उंबऱ्याबाहेर थांबते

एका वाचक भगिनीचं पत्र थोडक्यात असं:

"माझं लग्न १९९१ साली झालं. वडील २००३ मध्ये गेले. गावाकडे आजोबांच्या वेळची सोळा एकर जमीन आणि राहतं घर आहे. आई आहे, दोन भाऊ आहेत. सातबाऱ्यावर भावांची नावं कब्जेदार म्हणून लागलीत, आईचं आणि माझं नाव 'इतर हक्कां'त आहे. आता भाऊ म्हणतात, पुढच्या आठवड्यात तालुक्याला ये आणि हक्कसोडपत्रावर सही कर. त्यांचं म्हणणं असं की बाबांनी १९९८ साली तोंडी वाटणी करून दिली होती, माझं लग्न चौऱ्याण्णवच्या कायद्याआधीचं, बाबा २००५ च्या आधी गेले, म्हणून मला काही येत नाही. सही नुसती नावाला. मी म्हटलं, राज्यघटनेत बाई-पुरुष समान आहेत ना? थोरला म्हणाला, घटना सरकारला लागते, घराला नाही. मुलगी वकिलीच्या पहिल्या वर्षाला आहे. ती म्हणते, सरळ हायकोर्टात रिट करू. कोणाचं खरं?"

ताई,

आधी पुढच्या आठवड्याचं बोलू. तालुक्याला जाऊ नका. सही करू नका. कोऱ्या स्टॅम्पपेपरवर, मुखत्यारपत्रावर, "बँकेच्या कर्जासाठी संमती हवी" म्हणून पुढे केलेल्या कागदावरसुद्धा नाही. तुम्हाला काही येतच नसेल तर सोडायचं काय, हा प्रश्न भावांना शांतपणे विचारा. हक्कसोडपत्र ज्याला हक्क आहे त्याच्याकडूनच घ्यावं लागतं. वडील गेल्यामुळे तुमचा हिस्सा आज तुमच्या अंगी लागलेला आहे. त्यामुळे नोंदणीकृत हक्कसोडपत्र एकदा झालं की ते पक्कं. पुढे ते रद्द करायचं तर फसवणूक, दबाव किंवा दिशाभूल कोर्टात सिद्ध करावी लागते, आणि ती कळल्यापासून तीन वर्षांत दावा लावावा लागतो. "मला वाटलं नुसती नावाला आहे" एवढ्याने भागत नाही.

आता थोरल्या भावाच्या बोलण्याकडे. ते अर्धं बरोबर आहे, आणि ते अर्धं नीट समजून घेतल्याशिवाय उरलेलं अर्धं खोडता येणार नाही.

मूलभूत हक्क मुख्यतः राज्यसंस्थेविरुद्ध मिळतात. राज्यसंस्था कोण ते अनुच्छेद १२ सांगतो: केंद्र, राज्य, संसद, विधिमंडळ, स्थानिक आणि इतर प्राधिकरणं. तुमचे भाऊ त्यात बसत नाहीत. "भावाने अनुच्छेद १४ चा, म्हणजे समतेच्या हक्काचा, भंग केला" असं म्हणून तुम्हाला जमीन मिळणार नाही. मुलीची रिटची कल्पना इथेच अडते. अनुच्छेद २२६ खालचा अर्ज सरकारी अधिकाराच्या वापराविरुद्ध असतो. वाटणी झाली होती का, जमीन कोणाची होती, कागद खरा की खोटा, हे साक्षीपुराव्याने ठरणारे वाद उच्च न्यायालय रिटमध्ये सहसा घेत नाही. दिवाणी न्यायालयात जा असं सांगून परत पाठवतं. तोवर काही महिने गेलेले असतात आणि भावांनी खरेदीदार शोधलेला असतो.

पण घटना घरात येते. ती कायद्यातून येते, आणि कायदा वाचणाऱ्या न्यायाधीशाच्या वाचण्यातून येते. तुमच्या हिश्श्याचं गणितच घ्या. यापेक्षा चांगलं उदाहरण मुलीला तिच्या पुस्तकात सापडायचं नाही.

१९५६ च्या हिंदू वारसा कायद्यात वडिलोपार्जित एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत जन्मतः हक्क फक्त मुलग्यांना होता. वाटणीच्या वेळी बायकोलाही मुलाइतका हिस्सा मिळतो, हा आपल्याकडे लागू असलेला नियम. १९७८ च्या गुरुपाद मगदूम निकालात सर्वोच्च न्यायालयाने त्यावरच हिशेब केला. त्या पद्धतीने तुमच्या सोळा एकरांचे चार भाग पडले असते: वडील, आई, दोन भाऊ, प्रत्येकी चार एकर. वडिलांच्या चार एकरांना वारस चार: आई, दोन भाऊ, तुम्ही. म्हणून प्रत्येकाला एक. शेवटी आई पाच एकर, भाऊ पाच-पाच, आणि तुम्ही एक.

आता २००५ नंतरचा हिशेब. मुलगीही जन्मतः सहदायक, म्हणजे मुलाइतकीच मालक. भाग पाच: वडील, आई, दोन भाऊ, तुम्ही. वडिलांचा पाचवा हिस्सा पुन्हा चौघांत. बेरीज केली की चौघांनाही बरोबर चौथा हिस्सा येतो. तुमचे चार एकर.

एकाचे चार एकर कशाने झाले? २००५ च्या दुरुस्ती विधेयकाच्या उद्देशपत्रिकेत कारण लिहिलेलं आहे: मुलीला सहदायकीतून वगळणं हा लिंगभेद आहे आणि घटनेने दिलेल्या समतेच्या मूलभूत हक्काला तो नाकारतो. विधी आयोगाने २००० साली १७४ व्या अहवालात हाच विषय घेतला होता. त्याआधी आंध्र प्रदेश, तमिळनाडू, महाराष्ट्र आणि कर्नाटक या राज्यांनी आपापल्या दुरुस्त्या केल्या होत्या. आणि त्याच्याही मागे जायचं तर डॉ. आंबेडकरांचं हिंदू कोड बिल. ते रखडलं आणि १९५१ च्या सप्टेंबरात त्यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. अनुच्छेद १४ आणि १५ मधली दोन-तीन वाक्यं तुमच्या बांधापर्यंत यायला पन्नासहून जास्त वर्षं लागली. पण जी आली ती कायद्याचं कलम होऊन आली, आणि कलम भावालाही लागतं, तलाठ्यालाही आणि कोर्टालाही.

भावांचे तीन मुद्दे आता एकेक घेऊ.

पहिला, लग्न चौऱ्याण्णवच्या आधीचं. महाराष्ट्राची दुरुस्ती २२ जून १९९४ पासून लागू झाली आणि तिने त्याआधी लग्न झालेल्या मुलींना वगळलं होतं, हे खरं. पण ९ सप्टेंबर २००५ ला लागू झालेल्या केंद्रीय दुरुस्तीत लग्नाची अट नाही. लग्न १९९१ चं असो की १९७१ चं, फरक पडत नाही. भाऊ जुना कायदा सांगताहेत.

दुसरा, वडील २००५ आधी गेले. हा मुद्दा २०२० पर्यंत वजनदार होता. २०१५ च्या फुलावती निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं होतं की ९ सप्टेंबर २००५ ला वडील आणि मुलगी दोघंही हयात हवेत. २०१८ च्या दानम्मा निकालात त्याच न्यायालयाच्या दुसऱ्या पीठाने उलट दिशेने जाणारा निर्णय दिला. गोंधळ झाला. अखेर ११ ऑगस्ट २०२० ला विनीता शर्मा प्रकरणात तीन न्यायमूर्तींच्या पीठाने तो मिटवला: मुलीचा हक्क जन्माने आहे, वडिलांच्या हयातीवर तो अवलंबून नाही. कायद्याचा मजकूर तोच होता. समतेच्या बाजूने वाचल्यावर त्याचा अर्थ स्थिर झाला. तुमच्या भावांना कोणी जुन्या वकिलाने २०१५ चा निकाल सांगितला असेल तर तो चालत नाही.

तिसरा, १९९८ ची तोंडी वाटणी. इथे मात्र जपून. खरा धोका याच मुद्द्यात आहे. २० डिसेंबर २००४ च्या आधी झालेली वाटणी, विक्री किंवा मृत्युपत्र नव्या कायद्याने मोडत नाही. पण वाटणी म्हणजे काय, तेही वारसा कायद्याच्या कलम ६ च्या स्पष्टीकरणात सांगितलं आहे: नोंदणीकृत वाटणीपत्र किंवा कोर्टाचा हुकूमनामा. मुली येणार हे कळल्यावर मागच्या तारखेची तोंडी वाटणी उभी करू नये म्हणूनच हे लिहिलं. विनीता शर्मा निकाल सांगतो की नुसत्या तोंडी पुराव्यावरची वाटणी फेटाळायची. सार्वजनिक दस्तऐवजांनी भक्कम सिद्ध होत असेल तरच अपवादाने मानायची. म्हणून तुम्हाला आजच पाहायचं आहे ते १९९८ च्या आसपासचं फेरफार रजिस्टर. त्या साली तहसीलदाराच्या आदेशाने वाटप होऊन वडील आणि दोन भाऊ अशा तिघांचे गट वेगळे झाले, खाती वेगळी झाली, वेगवेगळा शेतसारा भरला गेला, असं दिसलं तर तुमची बाजू कमकुवत होते. तसं काहीच नसेल आणि वडील गेल्यावर २००३ मध्ये एकत्र वारस नोंद झाली असेल, तर तीच नोंद भावांविरुद्ध बोलते: वाटणी १९९८ ला झाली होती तर २००३ ला सगळं क्षेत्र वडिलांच्या नावावर कसं होतं? आणि वाटणी खरी धरली तरी त्या वेळी वडिलांच्या वाट्याला आलेल्या क्षेत्रात तुमचा चौथा हिस्सा राहतोच. "काहीच येत नाही" हे कुठल्याही हिशेबात बसत नाही.

एक गोष्ट तुम्ही लिहिली नाही आणि ती कळल्याशिवाय कोणीही तुम्हाला पक्का आकडा सांगू नये: आजोबा कधी गेले, आणि जमीन त्यांना कशी मिळाली होती? आपण "आजोबांची जमीन" म्हटलं की वडिलोपार्जित समजतो. कायद्यात तसं नाही. आजोबांनी स्वतः घेतलेली जमीन असेल आणि ते १७ जून १९५६ नंतर गेले असतील, तर ती वडिलांना कलम ८ खाली वारसाने आली आणि त्यांची स्वतःची झाली. सर्वोच्च न्यायालयाने १९८६ पासून हे पुन्हापुन्हा सांगितलं आहे. मग जन्मतः हक्काचा प्रश्नच येत नाही. मृत्युपत्र नसेल तर आई आणि तुम्ही तीन भावंडं, सरळ चौथा हिस्सा. आकडा तोच, रस्ता वेगळा. फक्त त्या रस्त्यावर दोन वळणं आहेत. एक, आजोबांच्या वारसांत तुमच्या आत्याही होत्या. त्यांचा हिस्सा निघाला तर सोळा एकर हा आकडाच खाली येतो. दुसरं, वडिलांचं मृत्युपत्र. स्वतःची जमीन वडील सगळीच्या सगळी कोणालाही देऊ शकतात. सहदायकीची असेल तर मात्र फक्त आपला पाचवा हिस्सा. तेव्हाही तुमचे तीन एकर आठ गुंठे शाबूत राहतात.

"आमच्यात मुली वाटा घेत नाहीत" आणि "तुझ्या लग्नात खर्च केला" ही दोन वाक्यं तुम्ही लिहिली नाहीत, पण ती येतील. हिंदू वारसा कायद्याच्या कलम ४ ने त्याच्याशी विसंगत रूढी बाजूला सारल्या आहेत. आणि लग्नाच्या खर्चात वाटा फिटतो असं वारसा कायद्यात कुठेही लिहिलेलं नाही.

मुलीसाठी थोडं सविस्तर लिहितो, कारण तिचा प्रश्न खोल आहे आणि तिला त्याचं पूर्ण उत्तर मिळायला हवं.

घरातल्या कायद्याला घटना कशी भिडते यावर पहिला मोठा निकाल आपल्या मुंबई उच्च न्यायालयाचाच. १९५१ साली नरसू अप्पा माळी प्रकरणात मुख्य न्यायमूर्ती छागला आणि न्यायमूर्ती गजेंद्रगडकर यांनी म्हटलं की असंहित, म्हणजे अधिनियमात न लिहिलेला, व्यक्तिगत कायदा हा अनुच्छेद १३ मधल्या 'कायदा' या शब्दात येत नाही, म्हणून मूलभूत हक्कांच्या कसोटीवर तो रद्द करता येत नाही. थोरल्या भावाच्या वाक्याचं मूळ कुठे शोधायचं तर इथे. या निकालावर पुढे पुष्कळ टीका झाली. पण संसदेने अधिनियम करून लिहिलेला वारसा कायदा हा 'कायदा'च आहे आणि तो अनुच्छेद १३ च्या बाहेर नाही. भाऊ ज्या जमिनीवर बोलतात तिचा वारसा १९५६ पासून अधिनियमाने ठरतो.

अधिनियमाचा शब्द घटनेच्या उजेडात कसा वाचतात याचं एक जवळून बघण्यासारखं उदाहरण म्हणजे १९९९ चा गीता हरिहरन निकाल. हिंदू अज्ञानत्व आणि पालकत्व कायद्याच्या कलम ६ मध्ये अज्ञान मुलाचा नैसर्गिक पालक "वडील, आणि त्यांच्या नंतर आई" असं लिहिलं आहे. मुलाच्या नावाने रोखे घेताना आईने पालक म्हणून केलेली सही रिझर्व्ह बँकेने स्वीकारली नाही. भांडण एका शब्दावर आलं: 'नंतर'. वडिलांच्या मृत्यूनंतर असा अर्थ घेतला तर आई दुय्यम ठरते आणि कलम समतेच्या विरुद्ध जातं. न्यायालयाने कलम रद्द केलं नाही. 'नंतर' म्हणजे 'त्यांच्या अनुपस्थितीत' असा अर्थ लावला, आणि अनुपस्थिती म्हणजे मूल आईकडे सोपवून वडील लक्षच देत नसतील तीही. एका शब्दाचा अर्थ बदलला आणि बँका, शाळा, पासपोर्ट कार्यालयं यांना आईच्या सहीकडे नव्याने पाहावं लागलं. शब्दाला दोन अर्थ शक्य असतील तर घटनेशी जुळणारा घ्यायचा, ही पद्धत तिने पाठच करावी. परीक्षेत आणि कोर्टात दोन्हीकडे लागेल.

करारांच्या कायद्यात हाच दरवाजा कलम २३ मधल्या 'सार्वजनिक धोरण' या शब्दांत आहे. नोकराला कारण न देता तीन महिन्यांच्या नोटिशीवर काढण्याची सरकारी कंपनीची अट १९८६ च्या ब्रोजोनाथ गांगुली निकालात त्याच आधारे रद्द झाली. मात्र हा दरवाजा हवा तेव्हा उघडत नाही. २००५ साली अहमदाबादच्या पारशी गृहनिर्माण संस्थेची, सदस्य फक्त पारशीच असतील, ही उपविधी सर्वोच्च न्यायालयाने वैध धरली. संस्था करण्याच्या स्वातंत्र्याला त्यात जास्त वजन मिळालं. आम्हाला तो निकाल पटत नाही, पण तो आहे, आणि खाजगी व्यवहारात घटनेचं नाव घेतलं की काम झालं असं समजणाऱ्याने तो वाचलाच पाहिजे. याउलट जुलै २०२५ मध्ये रामचरण प्रकरणात, जिथे वारसा कायदा लागूच होत नाही अशा आदिवासी कुटुंबात मुलींना वगळणारी रूढी पुराव्याने सिद्ध झाली नव्हती, आणि सर्वोच्च न्यायालयाने अनुच्छेद १४ चा आधार घेऊन वारसांना समान हिस्सा दिला. अधिनियम नसेल तिथे घटना अशी जास्त पुढे येते. तुमच्याकडे अधिनियम आहे, तेव्हा तुमचा आधार वारसा कायद्याचं कलम ६. ते सोडून अनुच्छेद १४ वर उडी मारणं म्हणजे दार उघडं असताना खिडकीतून शिरणं.

आता काम. क्रम महत्त्वाचा आहे.

कागद आधी. सगळ्या गटांचे सातबारा आणि खाते उतारा, म्हणजे आठ-अ, घ्या. मग सातबाऱ्यावर गोलात लिहिलेले फेरफार क्रमांक उतरवून त्या प्रत्येक फेरफाराची नक्कल मागा. आजोबांच्या नावापर्यंत मागे जा. पुष्कळ तालुक्यांचे जुने फेरफार ऑनलाइनही मिळतात, नाहीतर तहसीलच्या अभिलेख कक्षात अर्ज करा. वारस नोंदवही, म्हणजे गाव नमुना सहा-क, यातला २००३ चा उतारा विसरू नका. आजोबा आणि वडील यांचे मृत्यू दाखले, तुमचा शाळा सोडल्याचा दाखला, म्हणजे वडिलांचं नाव सिद्ध होतं. घराचा ग्रामपंचायतीचा नमुना आठ किंवा मालमत्ता पत्रक. दुय्यम निबंधक कार्यालयात सूची दोनचा, म्हणजे नोंदवलेल्या दस्तांच्या यादीचा, शोध घ्या, म्हणजे २० डिसेंबर २००४ आधी किंवा नंतर काही विकलं, गहाण टाकलं का ते कळेल. लोक सातबारा एवढाच घेऊन वकिलाकडे जातात आणि मग तारखांवर तारखा कागद जमवण्यात जातात.

तुमचं नाव इतर हक्कांत आहे ते कब्जेदार सदरी यायला हवं. बहिणींची नावं इतर हक्कांत टाकणं ही महसुली कामातली जुनी खोड आहे. कायद्याने वारस मुलगा आणि वारस मुलगी यांच्यात तसा भेद केलेला नाही. तहसीलदारांकडे दुरुस्तीचा लेखी अर्ज द्या, पोच घ्या. त्याच वेळी गावच्या तलाठ्याकडे, आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, लेखी कळवून ठेवा की तुम्ही कोणतंही हक्कसोडपत्र दिलेलं नाही आणि कुठलाही फेरफार आला तर तुमची हरकत आहे. फेरफाराची नोटीस आली की हरकतीला पंधरा दिवस असतात. हरकत आली की ती नोंद वादग्रस्त म्हणून तक्रार रजिस्टरला जाते आणि मंडळ अधिकाऱ्याला किंवा तहसीलदाराला सुनावणी घ्यावी लागते. निकाल विरुद्ध गेला तर उपविभागीय अधिकाऱ्याकडे साठ दिवसांत अपील. आणि हे लक्षात ठेवा: सातबारा मालकी देत नाही. त्यावरची नोंद विरुद्ध पुरावा येईपर्यंत खरी धरली जाते, इतकंच. तुमची मालकी ठरवणार दिवाणी कोर्ट. इथे मात्र मुलीला सांगा: हे अधिकारी राज्यसंस्था आहेत. तुम्हाला न ऐकता नोंद मंजूर केली तर अनुच्छेद १४ त्यांना थेट लागतो, आणि अपिलाचे मार्ग संपले तर तिची रिटही तिथे शोभते.

मग वकिलामार्फत भावांना नोटीस: चौथ्या हिश्श्याची मागणी, पंधरा दिवसांची मुदत, विक्री करू नये अशी सूचना. नोटिशीची भाषा सौम्य ठेवा. पुष्कळ घरं इथेच बोलायला बसतात. तडजोड झाली तर ती तोंडी ठेवू नका. सगळे मिळून नोंदणीकृत वाटणीपत्र करा, किंवा तालुका विधी सेवा समितीकडे दाव्यापूर्वीच प्रकरण नेऊन लोकअदालतीत निवाडा घ्या. त्या निवाड्याला कोर्टाच्या हुकूमनाम्याचं बळ असतं आणि त्यावर अपील नाही. तुम्हाला भावांच्या बाजूने थोडं सोडायचं असेल तर जरूर सोडा, तो तुमचा अधिकार आहे. फक्त किती सोडलं, त्याबदल्यात काय मिळालं, ते आकड्यांत आणि चेक क्रमांकासह लिहा.

जमलं नाही तर वाटणीचा दिवाणी दावा. त्यात हमखास होणाऱ्या चुका सांगतो. सगळ्या मिळकती घालाव्यात. एक गट किंवा घर राहिलं तर अर्धवट वाटणीचा आक्षेप येतो. पूर्वी बहिणीला राहत्या घराची वाटणी मागता येत नसे, ते वारसा कायद्याचं कलम २३ सन २००५ मध्ये काढून टाकलं, तेव्हा घरही मागा. आई, दोन्ही भाऊ, कोणी खरेदीदार असेल तर तो, सगळे पक्षकार हवेत; आत्यांचा प्रश्न असेल तर त्याही. दाव्याबरोबरच तात्पुरत्या मनाईचा अर्ज द्या आणि दावा प्रलंबित असल्याची सूचना दुय्यम निबंधकाकडे नोंदवा, म्हणजे मधल्या काळात कोणी विकत घेतलं तरी ते तुमच्या निकालाला बांधील राहतं. तुम्हाला वाट्यातून वगळल्याचं कळल्यापासून बारा वर्षांत दावा लागतो. हक्कसोडाच्या या मागणीत भावांनी तुमचा हिस्सा पहिल्यांदाच साफ नाकारला असेल तर ती तारीख टिपून ठेवा, आणि फोनवरचे निरोप पुसू नका.

कोर्ट आधी प्राथमिक हुकूमनामा देतं: चौथा हिस्सा. कोणते चार एकर, विहिरीकडचे की माळाचे, हे त्यात नसतं. सारा भरणाऱ्या शेतजमिनीची प्रत्यक्ष वाटणी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ५४ प्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांकडून होते. मोजणी, सरस-निरस पाहून गट पाडणं, ताबा. प्राथमिक हुकूमनामा हाती आला की जिंकलो म्हणून घरी बसणारे पुष्कळ असतात आणि कागद तसाच पडून राहतो. पुढची कारवाई चालू ठेवायला वकिलांना पहिल्या दिवशीच सांगा. तुकडेबंदी कायद्याचं, म्हणजे शेताचे फार लहान तुकडे पाडू न देणाऱ्या कायद्याचं, कारण पुढे आलं तर घाबरू नका: एखाद्याचा हिस्सा ठरलेल्या प्रमाणभूत क्षेत्राहून लहान पडत असेल तर तुकडा न पाडता त्याची किंमत पैशात द्यायची, अशी तरतूद त्याच कायद्यात आहे. तिने हक्क बुडत नाही.

खर्चाची चिंता तुम्ही पत्राच्या शेवटी एका ओळीत लिहिली आहे. समान न्याय आणि मोफत कायदेसाहाय्य हे मार्गदर्शक तत्त्व १९७६ मध्ये अनुच्छेद ३९अ म्हणून घटनेत आलं. मार्गदर्शक तत्त्व कोर्टातून वसूल करता येत नाही, पण सरकारने धोरण आखताना ते पाळायचं असतं. त्यातून १९८७ चा विधी सेवा प्राधिकरण कायदा झाला, आणि त्याच्या कलम १२ प्रमाणे स्त्रीला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. तालुका न्यायालयातच समितीचं कार्यालय असतं. आधार कार्ड आणि अर्ज एवढं पुरतं, पत्रासारखा साधा अर्ज चालतो. दुसरं, अनुच्छेद १५(३) राज्याला स्त्रियांसाठी खास तरतूद करू देतो. महाराष्ट्राने १९९४ मध्ये आपलं पहिलं महिला धोरण आणलं, आणि त्याच वर्षी १ ऑक्टोबरच्या अधिसूचनेने पोटगी, मालमत्तेचे वाद, हिंसाचार आणि घटस्फोट या विषयांत स्त्री पक्षकारांना कोर्ट फी माफ केली. ही माफी तुमच्या वाटणीच्या दाव्याला लागते का ते वकिलांकडून आधी तपासून घ्या, आणि लागत असेल तर दावा दाखल करतानाच या अधिसूचनेचा उल्लेख करायला सांगा. फी भरून झाल्यावर ती परत मागणं जिकिरीचं होतं.

आईबद्दल एक. त्यांचं नावही इतर हक्कांतच आहे आणि त्यांचाही चौथा हिस्सा आहे. तुम्ही सही केली नाहीत तर पुढची सही त्यांच्याकडे मागितली जाईल. त्यांना एकटीला तालुक्याला पाठवू नका, आणि त्यांच्या हिश्श्याचं त्यांना काय करायचं आहे ते तुम्हीही त्यांना विचारा, सांगू नका.

तुमच्या हाती हिस्सा आला की मृत्युपत्र करून ठेवा. स्त्रीच्या वारसाचं कलम १५ अजून पुरुषाच्या कलमासारखं नाही. मूलबाळ नसलेल्या स्त्रीने स्वतः कमावलेली मिळकतही नवरा नसेल तर सासरच्या वारसांकडे जाते. तुम्हाला मुलगी आहे, म्हणून ते तुमच्यावर येणार नाही. पण तिला हे कलम वाचायला सांगा, अनुच्छेद १५ शेजारी ठेवून.

पत्राला पूरक म्हणून आजोबांच्या मृत्यूची तारीख, १९९८ ते २००३ मधले फेरफार आणि वडिलांच्या मृत्युपत्राबद्दल काही ऐकिवात असेल तर ते कळवा. त्या तीन गोष्टींवरून दाव्यात कोणता हिशेब मांडायचा, सहदायकीचा की कलम ८ चा, हे ठरेल.